गाठ चार बोटं पुढं: दोघांनी उचललेला भार कुणावर किती येतो, ते पायरी-पायरीने

आमच्या वाडीला डांबरी सडक यायच्या आधी आजारी माणूस खाली न्यायचा म्हणजे झोळी. जाड बांबू, त्याला दोन गाठींनी बांधलेली चादर, आत माणूस, पुढं एक खांदा आणि मागं एक खांदा. मी शाळेत असताना शेजारच्या काकूंना असंच नेलं होतं. माझे चुलते, नाना, मागं होते. पहिल्याच विसाव्याला त्यांनी झोळी हळूच टेकवली, खांदा चोळला आणि पुढच्याला म्हणाले, "दोन्ही गाठी चार बोटं पुढं घे. सगळं माझ्यावर येतंय." गाठी सरकवल्या, झोळी उचलली आणि पुढची सगळी वाट नाना एक शब्द न बोलता चालले.

चार बोटांनी असा काय फरक पडणार, असं तेव्हा वाटलं होतं. पुढं भौतिकशास्त्र शिकलो, आता शिकवतोही, आणि आघूर्णाचा, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या जोराचा, धडा आला की मी फळ्यावर आधी ती झोळीच काढतो. सह्याद्रीतल्या आणि सातपुड्यातल्या कितीतरी वाड्या-पाड्यांवर पावसाळ्यात आजही झोळी लागते. शहरात तीच गोष्ट कपाट, फ्रीज, वॉशिंग मशीन जिन्यावरून नेताना घडते. म्हणून हे गणित नुसतं परीक्षेपुरतं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी तीन गोष्टी मोजा

एकूण भार किती, दोन खांद्यांमधलं अंतर किती, आणि भाराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, त्या अंतरात नेमका कुठं पडतो. एवढं कळलं की बाकीचं आपोआप निघतं.

यात सगळ्यात जास्त चूक दुसऱ्या मापात होते. मुलं बांबूची लांबी घेतात. बांबू तीन मीटरचा असेल, पण खांदे टोकांवर नसतात. दोन्हीकडं वीतभर तरी बांबू बाहेर डोकावतो. आपल्याला हवं ते अंतर जिथं बांबू खांद्याला टेकतो तिथपासून दुसरा खांदा टेकतो तिथपर्यंतचं.

भार किलोत घेतला तरी चालेल. काटेकोर बोलायचं तर वजन हे बल आहे आणि ते न्यूटनमध्ये मोजतात, एका किलोला साधारण ९.८ न्यूटन. पण आपल्याला वाटणी काढायची आहे, आणि ९.८ दोन्ही बाजूंना सारखाच लागतो, म्हणून तो सोडून देऊ.

एक खांदा टेकू धरा

आघूर्ण म्हणजे बलाचा फिरवण्याचा जोर. बल गुणिले टेकूपासूनचं अंतर. दाराला कडीजवळ ढकललं की ते सहज उघडतं आणि बिजागरीजवळ ढकललं की अंगाला घाम फुटतो, ते याचमुळं. अंतर मोजताना बलाच्या रेषेवर काटकोनात मोजायचं. वजन सरळ खाली ओढतं, म्हणून आपल्या कामात हे अंतर नेहमी आडवं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, चढावर ती लागणार आहे.

आता नानांची झोळी घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरलेत. माणूस आणि चादर मिळून ६० किलो. दोन खांद्यांत २४० सेंटीमीटर. गुरुत्वमध्य नानांच्या खांद्यापासून १०० सेंटीमीटरवर, म्हणजे पुढच्याच्या खांद्यापासून १४० वर.

पुढच्याचा खांदा टेकू मानला तर भार झोळीला खाली फिरवू बघतो: ६० × १४०, म्हणजे ८४००. नाना तिला वर फिरवू बघतात: त्यांचा जोर × २४०. झोळी फिरत नाही, तेव्हा दोन्ही सारखे. ८४०० भागिले २४०, उत्तर ३५ किलो. टेकू धरलेल्या माणसाचा स्वतःचा जोर या गणितात येतच नाही, कारण त्याचं अंतर शून्य. म्हणून तर टेकू खांद्यावर धरायचा. एक अनोळखी आकडा आपोआप गळतो.

पडताळा घ्यायला टेकू बदला. नानांचा खांदा धरला तर ६० × १०० = ६०००, भागिले २४०, पुढच्यावर २५ किलो. ३५ आणि २५ मिळून ६०. बेरीज जुळली नाही तर कुठंतरी अंतर चुकलंय, तिथंच थांबून परत मोजा.

आता गाठी चार बोटं पुढं घ्या. चार बोटं म्हणजे जवळपास ८ सेंटीमीटर. गुरुत्वमध्य नानांपासून १०८ वर गेला, पुढच्यापासून १३२ वर आला. नानांवर ६० × १३२ ÷ २४० = ३३. पुढच्यावर २७. नानांचे दोन किलो कमी झाले आणि पुढच्याचे दोन वाढले, म्हणजे दोघांतला फरक दहावरून सहावर आला. तासभर चढ चढणाऱ्या खांद्याला दोन किलो कळतात.

यातून तोंडी करायचा नियम असा निघतो: तुमचा वाटा म्हणजे भाराचं समोरच्यापासूनचं अंतर भागिले दोघांतलं एकूण अंतर. भार ज्याच्या जवळ, त्याला जास्त.

बांबूचं स्वतःचं वजन विसरू नका

बांबू बुंध्याकडं जाड आणि शेंड्याकडं बारीक असतो, त्यामुळं त्याचा गुरुत्वमध्य मध्यावर नसतो, बुंध्याकडं सरकलेला असतो. तो शोधायला काही लागत नाही. बांबू आडवा करून एका हातावर तोला, जिथं स्थिर राहील तिथं खडूची खूण करा.

समजा बांबू ६ किलोचा आहे, बुंधा नानांकडं आहे आणि ती खूण त्यांच्या खांद्यापासून ९० सेंटीमीटरवर आहे. मग बांबूचे ६ × १५० ÷ २४० = ३.७५ किलो नानांवर आणि २.२५ पुढच्यावर. बांबू उलटा धरला तर आकडे उलटतात. म्हणजे नुसता बुंधा फिरवून दीड किलो इकडचा तिकडं करता येतो, गाठींना हात न लावता. ज्याच्याकडं भार कमी येतोय, त्याच्याकडं बुंधा द्यावा.

आणखी एक सवय मोडायला हवी. औषधांची, कपड्यांची पिशवी बांबूच्या मागं निघालेल्या टोकाला अडकवतात. दिसायला सोयीचं आहे, पण ती जागा दोन खांद्यांच्या बाहेर आहे, आणि तिथं वाटणी होतच नाही. ५ किलोची पिशवी मागच्या खांद्याच्या ४० सेंटीमीटर मागं लटकली तर ती मागच्या खांद्याभोवती बांबूचं पुढचं टोक वर उचलते. पुढच्याचा भार ५ × ४० ÷ २४० म्हणजे साधारण ८३० ग्रॅमनं हलका होतो, आणि तो सगळा मागच्यावर येतो. पाच किलोच्या पिशवीचे मागच्याला ५.८३ किलो लागतात. पिशवी पाठीला लावा, नाहीतर दोघांच्या मध्ये बांधा.

घरी दोन काट्यांवर करून बघा

वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी करतो. माणसाचं वजन करायचे दोन साधे काटे घ्या. प्रत्येकावर मधोमध एक पेन्सिल किंवा बारीक पट्टी आडवी ठेवा, म्हणजे फळी नेमकी कुठं टेकते ते ठरलेलं राहील. दोन्ही पट्ट्यांवर फळी ठेवा आणि दोन्ही आकडे लिहून घ्या, हे फळीचे. आता फळीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा आणि वीतभर, वीतभर सरकवत न्या. प्रत्येक वेळी दोन्ही काटे वाचा, फळीचे आकडे वजा करा आणि आपल्या गणिताशी ताडा. एक काटा चढतो तसा दुसरा उतरतो, बेरीज मात्र हलत नाही. मुलांचे डोळे इथं चमकतात. बादली काट्याच्या पट्टीपलीकडं फळीच्या टोकावर ठेवली की दुसरा काटा फळीच्या आकड्याच्याही खाली जातो. मघाची पिशवी ती हीच.

एकच काटा असेल तर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीची वीट ठेवा. याच मांडणीवर माणसाचा गुरुत्वमध्यही सापडतो. दोन पट्ट्यांत २०० सेंटीमीटर अंतर ठेवा. टाचा विटेवरच्या पट्टीच्या बरोबर वर येतील असं एकाला फळीवर उताणं झोपवा. माणूस ५८ किलोचा आणि फळीचा आकडा वजा करून डोक्याकडचा काटा २६ दाखवत असेल, तर गुरुत्वमध्य टाचांपासून २६ × २०० ÷ ५८, म्हणजे जवळपास ९० सेंटीमीटरवर. १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसात हा बिंदू बेंबीच्या थोडा खाली येतो, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून वर. म्हणून झोळीत किंवा स्ट्रेचरवर माणूस अगदी मधोमध ठेवला तरी डोक्याकडचा खांदा जास्त ओढतो. दोन्हीकडं सारखं हवं असेल तर बेंबी दोन खांद्यांच्या मध्यावर आणा, डोकं-पाय कुठंही येवोत.

इथं एक गोष्ट गणिताच्या आधीची. पाठीच्या कण्याला, मानेला किंवा कमरेच्या हाडाला मार लागलेल्या माणसाला झोळीत घालूच नये, झोळीत पाठ वाकते. त्याला हलवू नका, १०८ ला फोन लावा आणि हलवणं टळतच नसेल तर कडक फळी किंवा स्ट्रेचर वापरा. रोग्याला कसं ठेवायचं ते रोग्याच्या त्रासावर ठरतं. वाटणी त्यानंतर गाठी आणि खांदे सरकवून साधायची.

चढ आला की काय बदलतं

चढावर खालच्या माणसावर जास्त भार येतो, हे सगळेच म्हणतात. ते प्रत्येक वेळी खरं नाही, आणि याचं कारण समजलं की अर्धं आघूर्ण समजलं.

भार बांबूला एकाच जागी दोरीनं लटकत असेल, उदाहरणार्थ पाण्याचा हंडा, तर चढावर वाटणी अजिबात बदलत नाही. बांबू तिरपा झाला की आडवी अंतरं लहान होतात, पण दोन्हीकडची अंतरं सारख्याच प्रमाणात लहान होतात. १०० आणि १४० चं ९० आणि १२६ झालं तरी वाटा तोच. सपाटीला ३५-२५ असेल तर घाटातही ३५-२५.

कपाटाचं तसं नाही. ते आडवं करून दोघं खालच्या कडांना धरतात, आणि त्याचा गुरुत्वमध्य हातांच्या रेषेच्या वर असतो. जिन्यावर कपाट तिरपं झालं की हा वरचा बिंदू खालच्या माणसाकडं झुकतो. किती झुकतो ते असं काढा: गुरुत्वमध्य हातांच्या रेषेपासून जितका उंच, त्याला दोघांमधल्या लांबीनं भागा आणि जिन्याच्या चढानं, म्हणजे पायरीची उंची भागिले रुंदी यानं, गुणा. येईल तेवढा हिस्सा निम्म्यातून वरच्याचा वजा, खालच्याचा अधिक.

जिन्याची पायरी १७ सेंटीमीटर उंच आणि २८ सेंटीमीटर रुंद असेल तर चढ साधारण ०.६. १८० सेंटीमीटर उंच, ५० सेंटीमीटर खोल कपाट पाठीवर झोपवलं, तर गुरुत्वमध्य २५ सेंटीमीटर उंच. २५ ÷ १८० × ०.६ = ०.०८. खालच्याला ५८ टक्के, वरच्याला ४२. सोसण्यासारखं आहे.

आता वॉशिंग मशीन. ते उभंच न्यायचं असतं. दोघांच्या हातांमधलं अंतर ६० सेंटीमीटर, मशीनची उंची ८५, गुरुत्वमध्य मध्यावर धरला तर साडेबेचाळीस सेंटीमीटर उंच. ४२.५ ÷ ६० × ०.६ = ०.४२५. जिन्याच्या तिरकेपणानंच मशीन धरलं तर खालच्यावर साडेब्याण्णव टक्के आणि वरच्यावर साडेसात! वरचा नुसता हात लावून चाललेला असतो आणि त्याला वाटतं, हलकंच आहे की. मी स्वतः एकदा खाली होतो, दुसऱ्या मजल्यापर्यंत गुडघे थरथरत होते. तेव्हा वरच्यावर मनातून रागावलो होतो. चूक त्याची नव्हती, मशीन तिरपं धरण्याची होती. अशा उंच, आखूड वस्तू आडव्या पातळीतच ठेवायच्या: खालच्यानं छातीपर्यंत उचलायचं, वरच्यानं वाकून पायांजवळ धरायचं. जमत नसेल तर खाली पट्टा घाला आणि तो खांद्यावरून घ्या. खाली उंच माणूस, वर बुटका, हे जुन्या हमालांना कुणी शिकवावं लागत नाही.

पालखीचं याच्या बरोबर उलट. दांडा वर आणि पालखीचं घर त्याच्या खाली घट्ट बसवलेलं. गुरुत्वमध्य खांद्यांच्या रेषेच्या खाली, म्हणून चढताना तो वरच्या भोयांकडं सरकतो. गुरुत्वमध्य दांड्याखाली ५० सेंटीमीटर, खांद्यांत ३ मीटर आणि चढ ०.५ असेल तर वरच्यांना ५८ टक्के. जेजुरीला सोमवतीला खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर जाते, तेव्हा गडाच्या पायऱ्यांवर जास्तीचा भार मागच्या, म्हणजे वरच्या खांदेकऱ्यांवर येणार, हे कागदावर काढून दाखवता येतं.

झोळी या दोन्हींच्या मधली. दोन गाठींवर लटकते, पण आतला माणूस उताराकडं घसरतो आणि गुरुत्वमध्य त्याच्याबरोबर खाली येतो. तेव्हा खालच्याचा भार वाढतो तो चढामुळं नाही, घसरण्यामुळं. घोंगडीची वळकटी गुडघ्यांखाली अडवली की घसरणं बरंच थांबतं.

ओढण्या-ढकलण्याचाही परिणाम होतो. वरचा पुढं ओढायला लागला आणि खालचा मागं रेटून धरत असेल तर बांबू ताणला जातो आणि वरच्याचा खांदा जास्त दबतो. खालचा ढकलत असेल तर खालच्याचा दबतो. दोघांची चाल सारखी पडली तर हे प्रकरण मिटतं.

दोनाचे चार झाले की

एका बांबूवर पुढं दोघं, मागं दोघं. आता प्रत्येकावर किती? आघूर्ण हे सांगू शकत नाही. आपल्याकडं दोनच समीकरणं आहेत, एक बेरजेचं आणि एक आघूर्णाचं, आणि अनोळखी आकडे चार. तिवई कधी डुगडुगत नाही आणि चार पायांचं टेबल डुगडुगतं, तीच ही अडचण. चार आधारांत कुणी किती घ्यायचं हे उंची, खांद्याचा मऊपणा आणि वाटेचे खड्डे ठरवतात. उंच माणसावर सगळं येतं, तो उंचवट्यावर चढला की आणखीच, आणि शेजारचा बुटका मोकळा चालतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे सारख्या उंचीचे लोक निवडा आणि खांद्यावर जाड चुंबळ ठेवा. मऊ चुंबळ दबते, उंचीतला थोडाफार फरक गिळते आणि भार शेजाऱ्याकडं जाऊ देते. फक्त खांदा खरचटू नये म्हणून चुंबळ असते असं वाटतं, पण हे कामही तीच करते.

दुसरा उपाय मला फार आवडतो. बांबूचं प्रत्येक टोक एका आडव्या काठीच्या मधोमध दोरीनं लटकवा आणि त्या काठीची दोन टोकं दोघांनी खांद्यावर घ्या. आता काठी मध्याशी मोकळी फिरते. एक उंच, एक बुटका असला तरी काठी तिरपी होते आणि वाटा निम्मानिम्माच राहतो, कारण भार एकाच जागी लटकतोय, मघाच्या हंड्यासारखा. आघूर्णाचं गणित परत लागू पडतं. शेतकरी जुवावर हेच करतो: कमजोर बैलाकडची बाजू लांब ठेवतो, म्हणजे त्याला कमी ओढावं लागतं. जोडीत एक पोरगेला असेल तर काठीची गाठ मध्यावरून मोठ्या माणसाकडं सरकवा. वाट मात्र दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी रुंद हवी.

एकट्याच्या खांद्यावर

कावडीत टेकू एकच, तुमचा खांदा. एकीकडं १८ किलो, दुसरीकडं १२, काठी १५० सेंटीमीटर. अंतरं वजनांच्या उलट प्रमाणात: खांदा १८ पासून ६० वर आणि १२ पासून ९० वर. ६० × १८ आणि ९० × १२ दोन्ही १०८०. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी वर चढवताना पाहिल्या असतील तर काठीचा हा तोल माणसांच्या साखळीत कसा सांभाळला जातो ते आठवून बघा.

खांद्यावर काठी आणि मागं गाठोडं, हे त्याहून फसवं. ६ किलोचं गाठोडं खांद्याच्या ६० सेंटीमीटर मागं, आणि पुढं ३० सेंटीमीटरवर हातानं काठी दाबून धरलेली. हाताला १२ किलोचा जोर लावावा लागतो आणि खांद्यावर १८ किलो येतात, कारण हाताचा दाबही खांदाच झेलतो. गाठोडं पुढं ओढून ३० वर आणलं की हातावर ६ आणि खांद्यावर १२.

पावसाळ्याआधी बांबू तयार ठेवा

वाडीवर झोळीचा बांबू लागत असेल तर तो पाऊस लागायच्या आत बघून ठेवा. भेग नाही ना, पेरं किडलेलं नाही ना, हे वाजवून आणि वाकवून तपासा. दोन खांद्यांच्या जागा ठरवून तिथं जुन्या कापडाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळा, म्हणजे चालताना अंतर बदलणार नाही. त्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे दहा सारखे भाग पाडून तेलरंगाच्या रेघा ओढा, चुना पावसात टिकत नाही. तोलाची खूण वेगळ्या रंगानं करा आणि बुंध्याच्या टोकाला एक खाच पाडा, अंधारात हाताला कळते.

मग रात्री-अपरात्री गणित करत बसावं लागत नाही. रोग्याची बेंबी मागच्यापासून चौथ्या रेघेवर आली तर मागच्यावर दहातले सहा वाटे, पुढच्यावर चार. पाचव्या रेघेवर आली तर निम्मं-निम्मं. मागचा थकला असेल तर सहावर घ्या.